‘घरीच’ न लिहिणाऱ्या घरतबाई

घरतबाईंचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं थोडं वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस बाईंची आरती ओवाळायला बसलाय. एके काळी ओवाळलीही असती. आता त्यांचं नाव निघालं की माझी बायको विषय बदलते, कारण मग मी जेवता जेवता तावातावानं बोलायला लागतो आणि भात निवून जातो.

बाई बंदरपाड्याच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेला शिक्षक. मी डोंगराकडचा, भाताच्या खाचरात वाढलेला. समुद्र मी शाळेच्या सहलीत पाहिला होता आणि मासळीबद्दलचं माझं ज्ञान रविवारच्या ताटापुरतं होतं. बाई पेणच्या खालच्या अंगाच्या, मिठागरवाल्यांची लेक. बुटक्या, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि बाराही महिने हातात पुरुषी काळी छत्री. उन्हात ती डोक्यावर असे, सावलीत ती माणसांना दिशा दाखवायला वापरत. मला पहिल्याच दिवशी त्यांनी त्या छत्रीनं वर्ग दाखवला होता, आणि पुढंही मी त्या छत्रीच्या टोकाच्या दिशेनंच चालत राहिलो.

बाईंना ढीग सहन होत नसे. कसलाही असो. वर्गाच्या दारात पोरांच्या चपलांचा ढीग दिसला की उजव्या-डाव्याची जोडी लावूनच त्या आत शिरत. खडूंचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे. टेबलावर डब्यांची रांग, टाचण्यांचा वेगळा, बटणांचा वेगळा, सुतळीच्या तुकड्यांचा वेगळा. एकदा बाई बाहेर गेल्या असताना मी फुशारकीनं टेबल आवरलं. उरलंसुरलं एका बिस्किटाच्या डब्यात भरलं आणि वर कागद चिकटवला, ‘इतर’. बाईंनी परत आल्यावर तो कागद नखानं खरवडून काढला.

“शिगवण, इतर म्हणजे काय?”

“म्हणजे बाई, ज्याचं काय करायचं ते कळत नाही ते.”

“कळत नाही की कळून घ्यायचा कंटाळा आला? ज्याला ओळखायचा कंटाळा आला, तो इतर. बसा खाली.”

आणि मला शाळा सुटल्यावर त्या डब्यातली एकेक वस्तू घेऊन तिचं घर शोधायला लावलं. शेवटी एक पितळी स्क्रू राहिला. तो काही केल्या कुठं बसेना. मी म्हटलं, आता तरी ‘इतर’ म्हणा. बाई उठल्या, व्हरांड्यात गेल्या आणि शाळेच्या घंटेच्या कडीत तो स्क्रू फिरवून बसवला. कडी गेले कित्येक दिवस हलत होती, हे मला तेव्हा कळलं.

मास्तरांच्या नशिबी खिचडीपासून खानेसुमारीपर्यंत सगळंच येतं. घरात माणसं किती, कुणाचं घर कसलं, कोण काय काम करतं, असली एखादी पाहणी वरून येतेच, आणि आली की आम्ही मोबाईल घेऊन घरोघर हिंडायचं. आजूबाजूच्या गावांतले बरेच मास्तर एखाद्या ओटीवर बसून, ओळखीच्या माणसाकडून सगळ्या आळीची माहिती घेऊन मोकळे होत. बाई आमच्या भागाच्या पर्यवेक्षक. त्यांच्या हाताखाली ओटीवर बसायची सोय नव्हती. एका मास्तरांनी किनाऱ्यावरच्या एका बंगल्याला ‘रिकामं घर’ असं लिहिलं. बाई त्यांना घेऊन बंगल्यापाशी गेल्या आणि छत्रीनं कुंपण दाखवलं. कुंपणावर रांगेनं टॉवेल वाळत होते.

“रिकाम्या घराला एवढ्या आंघोळी लागतात का हो गुरुजी?” 

मुंबईचे पाहुणे शनिवार-रविवारी तिथं भाड्यानं उतरत, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ते घर राहतं नव्हतं आणि रिकामं तर मुळीच नव्हतं, तो धंदा होता. बाई म्हणायच्या, “आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आपण इथं चुकीच्या खान्यात टाकलं की वर मोठ्यात मोठा साहेब बसवला तरी त्याला ते बरोबर करता येत नाही. तो चुकीचीच बेरीज अगदी बरोबर करणार.”

पाहणीला मी पहिल्यांदा कोळीवाड्यात गेलो तो दिवस तर मला डोळे मिटूनही दिसतो. पहिलंच घर हौसाबाईचं. हौसाबाई म्हणजे साठीच्या पुढची, काटक, नाकात मोठी नथ आणि आवाज असा की होडीवरच्या माणसानं ऐकावा. मी विचारलं, “आजी, तुम्ही काय काम करता?”

“काम? काय न्हाय रं बाबा. मी घराच असतंय.”

मोबाईलवर यादीत ‘घरकाम’ असं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या घरीही तेच, “घराच असताव.” तिसऱ्या घरी नवऱ्यानंच आतून सांगितलं, “ती घराच असते.” दुपारपर्यंत माझा अर्धा कोळीवाडा उरकला. मी खुशीत शाळेत आलो आणि मोबाईल बाईंपुढं धरला.

बाईंनी तो वरपासून खालपर्यंत सरकवला. “वा! सगळ्या बायका घरीच? मग पहाटे बंदरावर काय भुतं येतात?”

बाईंनी छत्री उचलली आणि मला परत हौसाबाईच्या दारात नेऊन उभं केलं. ओटीवर बसल्या, पाणी मागितलं, सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं. मग अगदी सहज म्हणाल्या, “हौसाबाय, आज सकाली उठल्यापासून काय काय केलास, ते सांग बघू.”

“काय करनार? काळोखात उठली. बंदराव गेली. होड्या लागल्यावर मासली घेतली. निवडली. कोलंबी येगली, मांदेली येगली, बोंबील येगलं. पाटी डोक्याव घेऊन खल्याव आली. बोंबील धुतलं, जोड्या केल्या, टांगलं. जवला पसरला. कावलं हाकलली. जवला उलथा केला. मंग भात टाकला चुलीव. परत खल्याव. कालचा सुका गोला केला. उद्या बाजारान जायाचा हाय, त्याच्या पाट्या भरल्या.”

“मग काम करतेस की.”

हौसाबाई हसली. “ह्या काय काम झाला? काम माजा पोऱ्या करतंय, कंपनीत. त्याला पगार हाय. खला त आमचा आंगनच. खल्याव हाव म्हंजे घराच की बाय.”

खळं म्हणजे कोळीवाड्याला लागून असलेली, खाडीच्या तोंडाची सपाट उघडी जागा. तिथं बांबूंच्या मांडवांना दोऱ्या ताणलेल्या असत आणि त्यांवर बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीनं लटकत. खाली जवळ्याच्या गुलाबी चादरी. दिवसभर बायकांची ये-जा. आणि त्या सगळ्या, त्यांच्या स्वतःच्या हिशेबानं, घरीच. खोटं त्या मुळीच बोलत नव्हत्या. त्यांच्या घराचा उंबरठा खळ्याच्या पलीकडं, पाण्याच्या रेषेवर होता, आणि आमच्या मोबाईलमधल्या घराचा उंबरठा दारात होता, इतकंच.

परतताना बाई म्हणाल्या, “काय काम करता, असं बाईमाणसाला कधी विचारायचं नाही. सकाळपासून काय केलंत, असं विचारायचं. मग ऐकत बसायचं. खाना आपण निवडायचा, पण ऐकून झाल्यावर.” थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “माझी आय मिठागरावर जायची. डोक्यावरून मीठ वाहायची. टाचांना भेगा अशा, की रात्री ती त्यांत मेण वितळवून भरायची आणि दात आवळायची. कुणी पाहणीला आलं की बाप सांगायचा, ‘बायको घरीच असते.’ आणि आय मान हलवायची. ती मेली तेव्हाही कागदावर घरकामच करत होती.”

हे सांगताना बाई थांबल्या नाहीत, आवाजही बदलला नाही. पण मी मात्र त्या दिवशी त्यांचा झालो. माणूस एखाद्याचा शिष्य होतो तो असा, फारसं काही न ठरवता. मी दुसऱ्या दिवसापासून कोळीवाडा पहिल्या घरापासून पुन्हा केला.

तसेच पुरुष. एकदा पाहणी पावसाळ्यात आली. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद. होड्या चालवणाऱ्या तांडेलांना विचारलं तर छाती फुगवून सांगत, “आता बेकार हाव!” मी आता शहाणा झालो होतो. बाईंकडे न पाहताच विचारलं, “सकाळपासून काय केलंत?” जाळी शिवली, होडीला डांबर लावलं, इंजिन उघडलं. बाईंनी मागून नुसतं “हं” केलं. त्या ‘हं’ची किंमत मला त्या वेळी पगारापेक्षा जास्त वाटली होती. आता स्वतःचीच कीव येते.

बाईंच्या हाताखालच्या शेवटच्या पाहणीच्या वेळी तर कोळीवाड्यात गंमतच झाली. बायकांना कळलं की आपण करतो त्याला यादीत नाव आहे, ‘मासळी प्रक्रिया आणि विक्री’. मग त्या उलट शाळेत यायला लागल्या. “गुरजी, तिचा लिवलास, माजा लिवलास का?” बाई त्यांना मोबाईल दाखवत. हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नातीला बोलावून घेतलं आणि तिच्याकडून स्वतःच्या नावापुढचं मोठ्यानं वाचून घेतलं. नातीनं एकदा वाचलं. म्हणाली, “परत वाच.” मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली. लग्नापासून खळ्यावर राबलेल्या त्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा कामावर घेतलं होतं.

“आता हे वर जाईल,” बाई तिला म्हणाल्या. “तुमचं काम सगळ्यांना ठाऊक होईल. कुणाला आता नाही म्हणता यायचं नाही.” हे शब्द माझ्यासमोरचे आहेत.

पुढं वर्षभरात आमच्या खाडीवर गाड्या नेणारी मोठी फेरी यायची ठरली, दिघीला आहे तशी. फेरी आली की गाड्यांची रांग आली, आणि रांगेला जागा हवी. जागा ठरली ती खळ्याची. गावात सुनावणी लागली, आमच्याच शाळेच्या मोठ्या वर्गात. कोळीवाड्यातल्या बायका नव्या साड्या नेसून, पुढं येऊन बसल्या होत्या. घाबरलेलं कुणी नव्हतं. हौसाबाईनं मला आल्या आल्या सांगितलं, “आमचा लिवलेला हाय. बाईंनी लिवलाय.”

आलेला साहेब तरुण होता, सभ्य होता, आजी-मावशी म्हणत होता. त्यानं कागद वाचायला घेतला. जागेचा सध्याचा वापर, विशेष नाही. जागेवर उपजीविकेसाठी अवलंबून कुटुंबं, निरंक. लगतच्या वस्तीतील महिलांचा व्यवसाय, घरकाम.

मला वाटलं साहेब दुसऱ्याच गावाचा कागद वाचतोय. हौसाबाई माझ्याकडे वळली. “गुरजी, निरंक म्हंजे काय?”

“म्हणजे... कोणी नाही.”

ती आधी हसली. मागच्या दोघी-तिघीही हसल्या. मग ती उभी राहिली. “कोनी न्हाय? मंग आमी कोन हाव? इतकी वरसं त्या खल्याव कोन नाचतंय?”

साहेब म्हणाला, “आजी, तुम्ही स्वतःच पाहणीत सांगितलंय, घरी असते म्हणून.”

“पयला सांगितला. मंग बाईंनी इचारला, त खरा सांगितला. नातीनं वाचलाय माज्या. बाई बसल्यात त्या. इचारा त्यांना.”

सगळा वर्ग बाईंकडे वळला. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. छत्री मांडीवर आडवी. त्यांनी छत्रीच्या मुठीकडे बघत सांगितलं, “नोंदीप्रमाणे आहे ते.”

एवढंच. हौसाबाई उभीच होती. ती बाईंच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती, आणि मीही. पुढचा शब्द आला नाही. मग ती हळूहळू खाली बसली आणि नव्या साडीचा पदर नीट करत राहिली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी बाईंच्या टेबलापाशी गेलो. त्या खडू निवडत होत्या. मी विचारलं, “बाई, कुणी बदललं?”

मला वाटलं होतं, म्हणतील ‘मला माहीत नाही’. म्हणतील ‘वर बदललं’. निदान तेवढी थाप तरी मारतील. बाई म्हणाल्या, “मी. माझ्या लॉगिनवरून.”

“का?”

“फोन आला होता. तू यायच्या आधीच्या मोठ्या पाहणीत या कोळीवाड्यात मासळीवर काम करणारी एकही बाई नाही आणि यंदा सगळ्याच कशा? आकडा एकदम उडी मारतोय म्हणाले. मी सांगितलं, मागचं चूक होतं, हे बरोबर आहे. तर म्हणाले, मागचं छापून झालंय.”

“म्हणून?”

“म्हणून एक तर प्रत्येक घरी पुन्हा जाऊन पडताळणी करा, घरागणिक कारण लिहून द्या, नाहीतर दुरुस्ती करा.” बाईंनी एक तुकडा लांबांच्या डब्यात टाकला, मग काढून आखूडांच्या डब्यात टाकला. “निवृत्ती तोंडावर आलीये, शिगवण. गुडघे चालत नाहीत. मला कंटाळा आला.”

मी म्हटलं, “मला सांगायचं होतंत. मी फिरलो असतो. सगळा कोळीवाडा पुन्हा केला असता.”

“केला असतास,” त्या म्हणाल्या. “पण मग तुला पुढं सगळ्यांना उत्तरं देत बसावं लागलं असतं. मला वाटलं, एका खान्यातून दुसऱ्या खान्यात. त्यानं कुणाचं काय जातंय?”

मी आजही हे वाक्य आठवलं की हातातलं काम ठेवून देतो. त्यानं कुणाचं काय जातंय, हे मला कुणी शिकवलं होतं? टाचांच्या भेगांत मेण भरणाऱ्या आईची गोष्ट मला कुणी सांगितली होती? बाईंनी पैसे खाल्ले असते तर मी समजलो असतो. धमकी आली असती तर मीच त्यांच्या पाठीशी उभा राहिलो असतो. पण कंटाळा! ज्या बाईनं माझ्या डब्यावरचा कागद नखानं खरवडला, तिनं अख्खा कोळीवाडा कंटाळ्यापायी एका बोटानं घरात ढकलला. आणि ज्या बायका ‘घराच असताव’ म्हणून सुखात होत्या, त्यांच्याकडून खरं काढून घेतलं तेही बाईंनीच, गोड बोलून, पाणी मागून, सुनेची चौकशी करून. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी हे सगळं त्यांना तिथंच तोंडावर सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, “घंटा दे. पोरं खोळंबलीत.”

मी लेखी हरकत दिली. पर्यवेक्षकाची नोंद अंतिम, असं उत्तर आलं. बायकांनी अर्ज दिले, अंगठे दिले, दोनदा तालुक्याला जाऊन आल्या. प्रत्येक ठिकाणी तोच कागद पुढं येई आणि तोच शब्द. शेवटी मेहेरबानी म्हणून टेकडीमागं एक तुकडा दाखवला गेला, जिथं वारा नाही आणि दुपारनंतर ऊन नाही. तिथं बोंबील सुकत नाही, सडतो, हे सांगायला कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही पुरे. पण विचारलं कुणी? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना वारा कुठून येतो ते ठाऊक नसतं.

खळ्यावर काँक्रीट पडलं. आता तिथं शनिवारी गाड्यांची रांग लागते, काचा वर करून माणसं आत बसलेली असतात. काही बायका पत्र्यांवर, गच्चीवर थोडंथोडं सुकवतात. काही जणी पाहुण्यांच्या बंगल्यांवर झाडू-पोछ्याला जातात. हौसाबाईनं पाट्या विकून टाकल्या. ती ओटीवर बसलेली असते आणि रांगेतल्या गाड्या बघते. मी मध्ये गेलो होतो तेव्हा विचारलं, “कशी हायस?” तर म्हणाली, “कशी असनार? आता घराच असतंय.” आणि आता ते खरं आहे. बाईंची दुरुस्ती आता अगदी अचूक आहे. त्या आकड्यात आता कुणाला चूक काढता येणार नाही, मलासुद्धा.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभाला मी रजा टाकली. त्यांच्या जागी आलेल्या मुख्याध्यापकांनी टेबलावरचे सगळे डबे एका खोक्यात ओतले आणि मी ते निवडत बसलो नाही.

नंतर माझी बदली नागावच्या बाजूला झाली. आणि गेल्या मोसमात पुन्हा एक पाहणी आली, पुन्हा मोबाईल, पुन्हा घरोघर. एका नारळाच्या वाडीत शिरलो. बाहेर घरगुती राहण्या-जेवण्याची पाटी. मागच्या पडवीत मोठ्या तव्यावर घावने चालू होते, आणि तव्यापुढं स्टुलावर, गुडघ्याला पट्टा बांधून बसलेल्या घरतबाई. छत्री कोपऱ्यात टेकवून ठेवलेली. हा मुलाचा धंदा, हे मला माहीत होतं, पण बाई तिथंच असतील असं डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं. मी बसलो नाही, त्याही ‘बस’ म्हणाल्या नाहीत. मी मोबाईल काढला आणि नाव, वय, शिक्षण असं विचारत गेलो. त्या नीट उत्तरं देत गेल्या. मुलगा बाहेर पाहुण्यांशी बोलत होता, तो मध्येच ओरडून म्हणाला, “आईचं काय लिहायचंय त्यात? आई रिटायर आहे. घरीच असते.”

बाईंनी मान हलवली. “हो. घरीच असते.”

मी खाली वाकून ‘घरकाम’ लिहिलं असतं आणि निघालो असतो तर बरोबरी झाली असती. तसं करावं असं मनात आलंही. पण तोंडातून आलं ते दुसरंच. एकदा लागलेलं वळण सुटत नाही.

“बाई, आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?”

तव्यावरचं घावन करपायला लागलं होतं. बाईंनी ते काढलं, बाजूला ठेवलं, तव्याला तेल लावलं. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागल्या. पहाटे उठले. नारळ खवले. पाहुण्यांचा चहा केला. चादरी भिजत घातल्या. मासळी आणायला गेले, साफ केली. नाश्ता. खोल्या. दुपारचं वाटण. हे घावने दुसऱ्या पंगतीचे. त्यांचा आवाज सांगता सांगता हौसाबाईसारखा होत गेला. मी सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर यादी उघडली आणि खाना निवडला. ‘निवास व भोजन व्यवसाय, स्वतः काम करतात.’ मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. मग पिठाचा हात पदराला पुसून पुन्हा वाचलं.

“बरोबर लिहिलंस,” त्या म्हणाल्या. मोबाईलवरून नजर न काढता विचारलं, “वर गेल्यावर राहील ना रे असंच?”

“ते तुम्हालाच माहीत, बाई,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. बाहेरून मुलानं घावने मागितले. बाईंनी पळीभर पीठ घेतलं आणि तव्यावर गोल फिरवलं. मी वाडीच्या फाटकाशी जाऊन मागं पाहिलं, तेव्हा करपलेलं घावन त्या एका वेगळ्या ताटलीत ठेवत होत्या.